शिल्पातली रेषा, तोल, लय वगैरे : घोकण्यापेक्षा बघायची कशी?

कोरणी
मंडळी, मी मातीकामाच्या वर्गाला शिकवते. परीक्षा जवळ आली की मुलं एक यादी घोकायला लागतात. रेषा, आकार, घनता, अवकाश, पोत, रंग, छटा हे घटक आणि तोल, लय, प्रमाण, विरोध, भर, एकता ही तत्त्वं. व्याख्या लिहिल्या की मार्क पडतात. मग हीच मुलं शाडूचं डोकं करायला बसतात. समोरून नाक-डोळे झकास, आणि कानामागे सरळ भिंत! कारण ती यादी चित्रकलेच्या पुस्तकातून उचलून जशीच्या तशी शिल्पकलेला डकवलेली आहे. कागदाला मागची बाजू नसते. वजन नसतं. कागदावरची सावली तुम्ही काढाल तिथेच राहते, दुपारी तीन वाजता सरकत नाही.

माझं म्हणणं असं की यादी चुकीची नाही, क्रम चुकीचा आहे. शिल्पात आधी घनता आणि पोकळी, मग तोल (खराखुरा, वजनाचा), मग प्रकाश. रेषा आणि रंग नंतर. अभ्यासक्रमात मात्र रेषा पहिल्या पानावर आणि अवकाश कुठेतरी शेवटी, 'थोडक्यात टिपा लिहा'मध्ये.

उदाहरण देते. वेरूळचं कैलास लेणं, क्रमांक १६. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, म्हणजे आठव्या शतकाचा उत्तरार्ध. देवळाच्या दक्षिण अंगाला खालच्या बाजूला रावण कैलास हलवतोय तो देखावा आहे. बहुतेक लोक मोबाइल वर करून एक फोटो काढतात आणि पुढे सरकतात. तिथे जरा थांबा आणि कातळ किती खोल खणलाय ते बघा. रावण एका कपारीत जवळजवळ सुटा कोरलाय. त्याच्याभोवती अंधार आहे आणि तो अंधार मुद्दाम ठेवलाय. वर शिव-पार्वती उजेडात. पार्वती दचकून शिवाकडे झुकलीय, त्याचा दंड धरलाय, आणि मागे एक दासी पाठ फिरवून पळत सुटलीय. शिव निवांत. त्याने पायाचा अंगठा नुसता दाबला की खालचा सगळा खटाटोप संपला.

आता यादी लावा. विरोध? खाली धडपड, वर शांतता. भर? सगळ्यात जास्त कष्ट रावणाच्या अंगावर घेतलेत, तरी नजर वर जाते, कारण उजेड वर आहे. लय? रावणाचे हात चक्रासारखे पसरलेत आणि पळणारी दासी त्याच हालचालीचं शेवटचं टोक आहे. पण हे सगळं ज्याच्यामुळे उभं राहिलं ती गोष्ट म्हणजे पोकळी. ती कपार बुजवा, उरेल नुसतं भिंतीवरचं चित्र.

तुम्ही बघितलेल्या एखाद्या शिल्पाबद्दल लिहा. 'सुंदर', 'अप्रतिम' नको, काय दिसलं ते.

———

नुसताच_वाचक
वाचनखूण साठवली. मी वेरूळला शाळेच्या सहलीबरोबर गेलो होतो आणि लक्षात काय राहिलं, तर माकडाने पळवलेला डबा.

———

सह्यकडा
कोरणीताई, मुद्दा पटला, फक्त रेषेला इतकं मागे ढकलू नका. अजिंठ्याचं २६ नंबरचं लेणं आठवा. डाव्या बाजूच्या मार्गात महापरिनिर्वाणाचा (देह ठेवतानाचा) बुद्ध आहे, सुमारे ७ मीटर लांब, उजव्या कुशीवर निजलेला. आत शिरताना आधी काही कळतच नाही. खांबांच्या आडून तुकड्या-तुकड्यांनी दिसतो, कधी पाय, कधी हात, कधी चेहरा. पूर्ण लांबी डोळ्यात भरायला तुम्हाला चालावंच लागतं. ती आडवी रेषा म्हणजेच तो प्रसंग. तिच्या खाली शोक करणाऱ्या शिष्यांची रांग, लहान लहान आकृत्या, कुणी गालाला हात लावून बसलेला. वर आकाशातले देव. खालच्या ओळीत सगळी तुटक-तुटक हालचाल आणि मधे ही एक न मोडलेली रेघ. रेषा काढून टाका, बघू काय उरतं.

———

कोरणी
@सह्यकडा, उत्तम उदाहरण. पण तुम्हीच लिहिलंत की चालावं लागतं. चित्रातली रेघ एका नजरेत दिसते, ही पायांनी वाचावी लागते. म्हणजे शिल्पातली रेघही मुळात अवकाशातच असते. मी रेषा फुकट आहे असं म्हटलंच नाही, क्रमाबद्दल म्हटलं. (पुढच्या वर्षी सहल अजिंठ्याला न्यायला कारण मिळालं हे वेगळंच.)

———

सिव्हिलवाला
तोलाबद्दल आमच्या बाजूने थोडं. तुम्हा कलावाल्यांच्या तोंडी 'सममित तोल' (दोन्ही बाजू सारख्या), 'असममित तोल' (बाजू वेगळ्या, तरी तोल) असतं. आमच्याकडे एकच प्रश्न : गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली रेघ बैठकीच्या आत पडते की नाही? बाहेर पडली तर एकतर आतला सांगाडा ते वजन धरून ठेवेल, नाहीतर पुतळा आडवा. उंच पुतळ्याला वरून वाऱ्याचा जोर. समुद्राजवळ असेल तर आतलं लोखंड गंजणार, तेही धरायला हवं.

अश्वारूढ पुतळ्यांबद्दल एक फॉरवर्ड दर सहा महिन्यांनी फिरतो : घोड्याचे दोन पाय वर असतील तर स्वार लढाईत मेला, एक वर असेल तर जखमांनी मेला, चारही खाली तर अंथरुणात. साफ खोटं आहे. वॉशिंग्टनला अँड्र्यू जॅक्सनचा १८५३ सालचा पुतळा आहे, क्लार्क मिल्सने केलेला. घोडा मागच्या दोन पायांवर ताडकन उभा, आणि जॅक्सन वारला घरी. पाय वर की खाली हे ठरवतो ओतकाम करणारा आणि त्याचं गणित. माद्रिदला चौथ्या फिलिपचा पुतळा आहे, १६४० सालचा, पिएत्रो ताक्काने केलेला. त्यात घोड्याचा मागचा भाग भरीव आणि पुढचा पोकळ ठेवलाय. सल्ला खुद्द गॅलिलिओचा होता असं सांगतात. सेंट पीटर्सबर्गला पीटर द ग्रेटच्या घोड्याखाली एक साप आहे, १७८२ सालचा पुतळा. लोक म्हणतात साप म्हणजे शत्रू, विश्वासघात वगैरे. असेलही. पण घोड्याची शेपटी त्या सापाला टेकलीय आणि तो तिसरा आधार आहे.

———

लोणचंपोळी
हाहा, साप म्हणजे जॅक लावलाय तर!

बाय द वे, घोड्याचा विषय निघालाच आहे तर मालवणचं काय? तो तर घोड्याशिवायच पडला.

———

सिव्हिलवाला
मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा तो पुतळा ३५ फुटी होता. डिसेंबर २०२३ मध्ये उभा राहिला, ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला. कोण दोषी हे इथे नको. धाग्यापुरतं इतकंच, की माणूस दोन पायांवर उभा दाखवायचा म्हणजे सगळा भार दोन घोट्यांवर येतो. मानवाकृती पुतळ्याची सगळ्यात बारीक जागा आणि सगळ्यात जास्त भार, दोन्ही एकाच ठिकाणी.

———

संपादक
धागा शिल्पकलेचा आहे. मालवण, निविदा, पक्ष हे राजकारण विभागात. पुढचे तसे प्रतिसाद उडवले जातील.

———

कोरणी
घोट्यांचा मुद्दा सोन्यासारखा आहे, तो उडवू नका.

मायकेलअँजेलोचा डेव्हिड घ्या. १५०१ ते १५०४ मधलं काम, ५.१७ मीटर उंच, एकाच संगमरवरी दगडातून. त्याच्या उजव्या पायामागे झाडाचं एक खोड आहे. वर्गात विचारलं की मुलं 'निसर्गाचं प्रतीक' लिहितात. अरे, तो टेकू आहे! संगमरवर दाबाला दणकट पण ताणाला कच्चा. एवढं वजन दोन घोट्यांवर कसं सोडणार? खोड असूनही घोट्यांत बारीक तडे सापडलेत. दुसरं म्हणजे त्याचं डोकं आणि हात अंगाच्या मानाने मोठे आहेत. मूळ बेत फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलवर उंच जागी बसवायचा होता, त्यामुळे खालून बघणाऱ्यासाठी तसं केलं असावं असं बरेच जण मानतात. म्हणजे प्रमाण हे तत्त्वसुद्धा शिल्प कुठे बसणार आणि बघणारा कुठे उभा राहणार त्यावर ठरतं. जमिनीवरची मूर्ती आणि चौथऱ्यावरची मूर्ती, दोन्हींना एकच माप लावून भागत नाही.

———

शाडूत_हात
आमच्याकडे कोकणात पिढीजात गणपतीची शाळा (मूर्ती घडवायचा कारखाना) आहे, म्हणून प्रमाणावर लिहितो. जुन्या शिल्पशास्त्रात ताल हे माप. चेहऱ्याची लांबी म्हणजे एक ताल, त्याचे १२ अंगुळं. नवताल मूर्ती म्हणजे १०८ अंगुळं. मोठ्या देवांना नवताल, दशताल, आणि गणपतीला पंचताल. म्हणजे चेहरा एकूण उंचीच्या पाचव्या हिश्शाएवढा. म्हणून बाप्पा बाळासारखा दिसतो, त्यात गोडवा येतो. हल्ली मंडळांना सिक्स पॅकवाला, आठ डोकी उंचीचा गणपती हवा असतो. शरीर होतं माणसाचं आणि वर हत्तीचं मुंडकं ठेवल्यासारखं दिसतं. गिऱ्हाईक मागतं म्हणून आम्हीही करतो, पण डोळ्याला खटकतं ते खटकतंच.

उंच मूर्तीचे डोळे हा स्वतंत्र विषय आहे. घरच्या दीड फुटी मूर्तीची नजर सरळ चालते. बारा फुटी मूर्तीला तीच नजर दिली तर बाप्पा समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्याकडे बघत बसतो. नजर खाली उतरवावी लागते, वरची पापणी जरा जड करावी लागते. आमचे आजोबा बुबुळं काढायच्या आधी खाली जमिनीवर बसून बघायचे, मग परत शिडी चढायचे. आखणी (डोळे रंगवणं) शेवटी, आणि त्या दिवशी शाळेत कुणी मोठ्याने बोलायचं नाही.

———

नुसताच_वाचक
@शाडूत_हात, वरच्या पापणीबद्दल आयुष्यात पहिल्यांदा वाचलं. अजून लिहा ना.

———

शाडूत_हात
अजून काय? सोंड. सोंडेचा बाक, पोटाचा गोल आणि मांडीची घडी ह्या तीन वळणांचं एकमेकांशी जमलं की अर्धी मूर्ती झाली. पण शाडूत सोंड अंगापासून फार सुटी ठेवता येत नाही. वाळताना माती आकसते, बारीक भाग आधी वाळतो, जाड भाग मागून, आणि जोडावर भेग पडते. म्हणून सोंड पोटावर किंवा हातातल्या मोदकावर टेकवायची. लोकांना वाटतं बाप्पा मोदक खातोय. खातोय, पण मोदक सोंडेला धरूनही आहे.

———

कोरणी
@शाडूत_हात, वर्गात तुमचा प्रतिसाद वाचून दाखवणार आहे, चालेल ना?

यावरून साहित्याचा मुद्दा येतो. तो यादीत नसतोच, आणि असायला पाहिजे. चोळकालीन नटराज कांस्याचा आहे. एक पाय वर, चार हात हवेत, जटा दोन्हीकडे पसरलेल्या. मेणाची प्रतिकृती, तिच्यावर मातीचा साचा, मेण वितळवून काढायचं आणि धातू ओतायचा. धातू ताण सोसतो, म्हणून हात इतके बाहेर काढता येतात. जटांची आणि वस्त्राची टोकं बाहेरच्या ज्वालामंडलाला जाऊन भिडतात, त्यामुळे आधारही मिळतो आणि वर्तुळही घट्ट होतं. सारं वजन खालच्या अपस्मारावर (पायाखालच्या बुटक्या राक्षसावर) टेकलेल्या एका पायातून उतरतं. आता घारापुरीचा (एलिफंटा लेण्यातला) नटराज आठवा, उत्तरेच्या दारापाशी. तो कातळात आहे, पाठ भिंतीला जखडलेली. तरी हात जिथे जिथे दगडापासून सुटे काढले तिथेच बहुतेक तुटलेत. कांस्यात पोकळी जवळजवळ फुकट मिळते. दगडात ती कोरून काढावी लागते आणि मोडायची भीती वेगळी.

———

मातीचे_पाय
घारापुरीचा विषय काढलात म्हणून, माझं सगळ्यात आवडतं शिल्प तिथली तीन मुखांची महेशमूर्ती नाही, तिच्या शेजारचा अर्धनारीश्वर (अर्धा शिव, अर्धी पार्वती) आहे. महेशमूर्तीपुढे गर्दी असते, म्हणून मी कंटाळून बाजूला सरकले होते. शरीर उजवं-डावं वेगळं आहे. एका बाजूला रुंद सरळ खांदा, दुसऱ्या बाजूला स्तन आणि बाहेर आलेली कंबर. पुरुषाच्या बाजूचा हात नंदीवर रेललाय. अख्खी आकृती त्या बाजूला कललीय, आणि दुसरीकडे कमरेचा बाक तिला परत ओढतो. आरशासमोर उभी राहून मी तो उभा राहण्याचा प्रकार करून बघितला. हात टेकायला काही नसेल तर जमत नाही. (आरसा हॉटेलातला, लेण्यातला नव्हे. लेण्यात आरसा आहे तो तिच्या हातात.)

असममित तोल म्हणतात तो हाच ना?

———

कोरणी
हाच. आणि इथे तोल हाच विषय आहे, दोन वेगळी अर्धी मिळून एक उभं राहतं का, हा. एकता ह्या तत्त्वाची इतकी नेमकी परीक्षा मला दुसरीकडे दिसलेली नाही. मधून उभी रेघ मारून दोन वेगळी चित्रं जोडली असती तर ते कॅलेंडर झालं असतं. इथे जोड सापडत नाही.

महेशमूर्तीवर मात्र अन्याय नको हो. सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराचं काम. समोरून तीन मुखं. मधलं शांत, आपल्या डावीकडचं उग्र, मिशा आणि हातात नाग, उजवीकडचं सौम्य, हातात कमळ. मध्यरेषेवर एकदम सममित मांडणी, पण दोन्ही बाजूंचे भाव उलटे. समोरून फ्लॅश मारून फोटो काढला की तिन्ही मुखं रोटीसारखी सपाट. लेण्यात उजेड बाजूंनी, तिरका येतो, आणि तो गालावरून घसरत जातो तेव्हा घनता कळते. घरी एक करून बघा. तुमचं मातीचं डोकं अंधाऱ्या खोलीत ठेवा, टॉर्च समोरून मारा, मग कानाजवळून मारा. कुठे खड्डा राहिलाय, कुठे गाल फुगलाय, सगळं उघडं पडतं. आमच्या वर्गात याला परीक्षेपेक्षा जास्त घाबरतात.

———

न्यूजर्सीची_काकू
किती छान धागा! इकडे म्युझियममध्ये ग्रीक पुतळे बघताना गाइडने सांगितलं की ते मुळात रंगवलेले होते, ओठ, केस, कपडे सगळं. आम्ही पांढरा संगमरवर म्हणजेच अभिजात समजून बसलेलो. मग कोरणीताई, तुम्ही रंगाला शेवटी का ढकलता?

———

कोरणी
काकू, पकडलंत. कैलास लेण्यावरही पांढरा गिलावा आणि रंग होता, अजून तुकडे दिसतात. म्हणून तर त्याला रंगमहाल म्हणायचे. आज आपण जो काळा बसाल्ट बघून 'काय रांगडेपणा' म्हणतो, तो करणाऱ्यांनी तसा दाखवायला ठेवलाच नव्हता. रंग गेल्यावर मूर्ती उभी राहते, घनता गेल्यावर काहीच राहत नाही, इतक्याच अर्थाने मी त्याला शेवटी ठेवते. शाडूत_हात माझ्याशी भांडतील, कारण त्यांच्याकडे रंगाशिवाय मूर्ती कुणी घेणार नाही.

———

शाडूत_हात
भांडतोच. आखणीशिवाय मूर्ती म्हणजे माती. आणि तुम्हाला लेण्याएवढी वर्षं टिकणारं करायचंय, आम्हाला दीड दिवस. गणपतीच्या मूर्तीत रंग पहिला, मग बाकी सगळं.

———

सह्यकडा
पोत राहिला की! माझं मत रामकिंकर बैज यांच्या 'संथाल कुटुंबा'ला. शांतिनिकेतन, १९३८. सिमेंट आणि तिथलीच जांभ्याची बारीक खडी. पृष्ठभाग खरखरीत, हात फिरवला तर सालटं निघावीत असा. मजुरीला निघालेलं कुटुंब, डोक्यावर-खांद्यावर सगळा संसार, बरोबर कुत्रा. हेच काम गुळगुळीत संगमरवरात केलं असतं तर दिवाणखान्यातली शोभेची वस्तू झाली असती. आणि चबुतरा जवळजवळ नाहीच, त्यामुळे ते तुमच्या बरोबरीने, तुमच्याच जमिनीवरून चाललेत.

उलट टोक म्हणजे म्हात्र्यांची 'मंदिरपथगामिनी'. गणपतराव म्हात्रे तेव्हा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी होते, १८९६. प्लास्टरमधली तरुणी, पूजेचं साहित्य घेऊन देवळाकडे निघालेली. तिथे सगळा खेळ साडीच्या चुण्यांचा. चुणी कुठे अंगाला चिकटते, कुठे सुटते, त्यावरून आत शरीराचा भार कुठल्या पायावर आहे ते कळतं. कापडाचा पोत आहे खरा, पण सांगतोय तो वजनाची गोष्ट.

———

मातीचे_पाय
@सह्यकडा, चुण्या आणि वजन, हे डोक्यातच आलं नव्हतं.

शिल्पकार करमरकरांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. सासवण्याला, मांडव्याहून जवळच, त्यांच्या घरातच संग्रहालय आहे. अंगणातली म्हैस बघून माझ्या सासूबाई म्हणाल्या, "हिला दूध असणार." सहा व्याख्यांपेक्षा हा अभिप्राय भारी. पुण्याचा १९२८ सालचा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा त्यांचाच, पण मला तिथली रोजची माणसं जास्त आवडली.

———

लोणचंपोळी
एक भाबडा प्रश्न. मुलीला मातीकाम आवडतं, आठवीत आहे. हे सगळं वाचून घाबरली. सुरुवात कशाने करू? वेरूळ तर आत्ता जमणार नाही.

———

कोरणी
घाबरायचं काही कारण नाही. शाडूचा नारळाएवढा गोळा द्या आणि फिरता पाट. पाट नसेल तर जुनं स्टूल, तिलाच भोवती फिरू दे. तिला म्हणावं, झोपलेलं मांजर कर, पण डोळे, मिशा, केस काही काढायचं नाही. नुसता पाठीचा गोल, पोटाची घडी, शेपटी अंगाला लपेटलेली. दर थोड्या वेळाने पाट पाव फेरी फिरवायचा, एकाच बाजूला बसून राहायचं नाही. चारही बाजूंनी मांजर झोपलेलं दिसलं की मग मिशांचं बघू. कोरायची हत्यारं, वायर टूल काही लगेच आणू नका, बोटं आणि जुनी पट्टी पुरे.

———

शाडूत_हात
माती फ्रिजमधल्या कणकेएवढी घट्ट ठेवा, सैल नको. रात्री ओलं फडकं आणि वर प्लास्टिक. आणि काम झालं की पंख्याखाली वाळवू नका, तडकेल. कोपऱ्यात, सावलीत, हळूहळू. शेपटी सुटी काढायचा हट्ट करेल, करू देऊ नका.

———

लोणचंपोळी
शेपटी सुटीच हवी म्हणतेय. 😅

———

सिव्हिलवाला
मग आत तार घाला. तांब्याची, लोखंडी नको. आणि शेपटीचं टोक कुठेतरी पाटाला टेकवा.

———

शाडूत_हात
तार घातली तरी वाळताना माती तारेभोवती आकसणार आणि फुटणार. तार राहते, शेपटी गळते. आमच्याकडे दरवर्षी उंदराच्या शेपटीचं हेच होतं. अंगाला लपेटा म्हणावं.

———

लोणचंपोळी
दोन मांजरं करायची ठरलीत. एक तारेचं, एक बिनतारेचं. शनिवारी फोटो टाकते.